सहावीला शाळा बदलायची का? जर्सी सिटीत नव्याने आलेल्यांसाठी

जर्सी सिटीत आपली मंडळी न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ रेल्वेच्या स्टेशनजवळ भाड्याने घर घेतात आणि मुलं लहान असेपर्यंत मजेत असतात. इथे तिसऱ्या वर्षापासून सरकारी प्री-के, म्हणजे बालवाडी, फुकट असल्याने कुणी कुरकुरतही नाही. मग थोरलं पाचवीत जातं आणि न्यू जर्सीतल्याच एडिसन गावच्या घरांचे भाव बघणं सुरू होतं. "पाचवीपर्यंत ठीक हो, पण सहावी ते आठवीचं मिडल स्कूल?" हे तुम्हाला पहिल्याच गणपतीत ऐकू येईल. ऐकून घ्या, पण लगेच घर सोडायची नोटीस देऊ नका.

मुळात इथल्या बऱ्याच वस्तीतल्या शाळा आठवीपर्यंत आहेत. भारतीय दुकानांच्या इंडिया स्क्वेअरपासून जवळच असलेल्या २३ नंबरच्या शाळेला तर चक्क महात्मा गांधींचं नाव आहे. अशा शाळेत सहावीला मूल त्याच इमारतीत, त्याच मित्रांबरोबर वर जातं. काही भागांत मात्र मिडल स्कूल वेगळं असतं. तुमच्या पत्त्याला कोणती शाळा लागते, हे आधी शाळांच्या बोर्डाच्या कार्यालयातून विचारून घ्या.

आता रेटिंग. घरांच्या साइटवर शाळेपुढे जो आकडा दिसतो, त्यात तिसरी ते आठवीच्या राज्य परीक्षेच्या मार्कांचं वजन मोठं असतं. ज्या शाळेत बरीच मुलं नुकती इंग्रजी शिकतायत, तिथे सरासरी खाली येणारच. त्यावरून तुमच्या मुलीला वर्गात काय शिकायला मिळेल हे कळत नाही. त्यापेक्षा राज्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, तो फुकट आहे. त्यात मी सर्वात आधी गैरहजेरी बघते: वर्षातले दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडवणारी मुलं किती? ज्या शाळेत मुलं रोज येतात, तिथे निम्मं काम झालेलं असतं.

दुसरा प्रश्न थेट शाळेत जाऊन विचारायचा: आठवीत अल्जेब्रा वन आहे का, आणि त्या वर्गात कुणाला, कशावरून घेतात? आठवीत अल्जेब्रा झाला की नववीला जॉमेट्री, दहावीला अल्जेब्रा टू, अकरावीला प्रीकॅल्क्युलस आणि बारावीला कॅल्क्युलस, अशी गाडी सरळ जाते. नववीत सुरू केला तर कॅल्क्युलससाठी एखादा उन्हाळा तरी खर्ची पडतो. पुण्या-नाशिकहून आलेल्या मुलाचं गणित पुढे असेल तर पहिल्याच आठवड्यात "याची चाचणी घ्या" म्हणा. आपण बोललो नाही तर कुणी आपणहून वर बसवत नाही. इथे भीड कामाची नाही.

नाव घालताना भाडेकरार, विजेचं बिल, जन्मदाखला आणि लसींची फाईल लागते. व्हिसा कोणता, हा प्रश्न शाळेने विचारायचा नसतो. सहावीसाठी टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकोकल (मेंदूज्वर) या लसी बघितल्या जातात. टीबीची चाचणी मागितली, तर डॉक्टरांना बीसीजी झाल्याचं सांगून रक्ताच्या चाचणीबद्दल विचारा. बीसीजीमुळे हातावरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

घरी कोणती भाषा बोलता, असा फॉर्म येईल. "इंग्रजी लिहा, नाहीतर ईएसएलमध्ये टाकतील," असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. ईएसएल म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा वर्ग. मराठीच लिहा. मग इंग्रजीची चाचणी होईल. ती जमली की विषय संपला आणि नाही जमली तर मदत मिळेल, तीही फुकट.

ऑगस्टमध्ये एक तबकडीचं कुलूप आणून द्या. लॉकर उघडायला आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे फिरवायचं असतं. एक तास संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या चार मिनिटांत ते उघडलं नाही की सहावीतलं मूल रडकुंडीला येतं. गणितापेक्षा याचीच धास्ती जास्त.

माझं मत विचाराल तर चालत जाता येणारी शाळा, नियमित येणारी मुलं आणि आठवीत अल्जेब्रा एवढं असेल, तर सहावीसाठी घर हलवू नका. हायस्कूलला मॅकनेअरसारख्या निवडक शाळा शहरातच आहेत आणि जवळच्या सिकॉकसला काउंटीची हाय टेक ही शाळा आहे. तिथे अर्ज करावा लागतो आणि मिडल स्कूलचे मार्क बघतात, म्हणून ही तीन वर्षं वाया जात नाहीत. तरीही एडिसनलाच जायचं ठरलं, तर तिथल्या जेपी स्टीव्हन्स हायस्कूलच्या भरवशावर घर घेण्याआधी पत्ता तपासा. गावाच्या दक्षिण भागातली मुलं एडिसन हाय या दुसऱ्या हायस्कूलला जातात. खात्री स्कूल डिस्ट्रिक्टकडून करा, एजंटच्या शब्दावर विसंबू नका.