चाकं हवेत फिरतात, जमिनीवर अडतात

छोटी रोबो गाडी बनवायची तर दोन बीओ मोटर (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गिअर मोटर), एक कॅस्टर (मोकळं फिरणारं तिसरं चाक), आर्डुइनो उनो (प्रोग्राम चालवणारा बोर्ड) आणि एल२९८एन ड्रायव्हर (मोटरना करंट पुरवणारा बोर्ड). नागपूरच्या बर्डीत एका दुपारी सगळं मिळतं, जोडणीही तुम्हाला येत असेल. मला सांगायचंय ते बॅटरीचं.

मी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली होती. गाडी उचलून धरली की चाकं मस्त फिरायची. फरशीवर ठेवली की वीतभर सरकून थांबायची आणि आर्डुइनो रीसेट व्हायचा. पंधरा दिवस मी कोडच बदलत बसलो, कारण एका सीनियरने फोनवरच 'प्रोग्राममध्ये गडबड आहे' असं सांगितलं होतं. मीटर न लावता निदान करणाऱ्याचं ऐकू नका, तो कितीही हुशार असो.

शेवटी मल्टिमीटर बॅटरीला लावून गाडी जमिनीवर सोडली. ९ चे ५ व्होल्ट झाले! त्या डबीत दीड-दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल असतात, जास्त करंट त्यांना झेपत नाही. चाकं हवेत असताना मोटर थोडाच करंट घेते. जमिनीवर, त्यातही जागची हलताना, तो कित्येक पटींनी वाढतो आणि व्होल्टेज बसतं. वर एल२९८एन स्वतःच साधारण २ व्होल्ट खातो. मोटरला उरणार काय? आर्डुइनोही त्याच बॅटरीवर असेल तर तोही बंद पडतो. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते गाडी जमिनीवर चालत असतानाच. काही न जोडलेल्या बॅटरीवर मीटर लावून ९ दिसले, त्याला काही अर्थ नाही.

१८६५० चे (लिथियमचे) दोन सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, लावले, ७.४ व्होल्ट. त्याच संध्याकाळी गाडी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. मला रडू यायचं बाकी होतं. मात्र हे सेल शॉर्ट झाले तर आग लागते. होल्डर, स्विच, फ्यूज आणि लिथियमचाच चार्जर हवा. एवढं पाळलं तर घाबरायचं कारण नाही. आर्डुइनोला वेगळी बॅटरी दिलीत, तरी दोन्हींचे ग्राउंड (वजा टोकं) एकमेकांना जोडा.

चेसिससाठी मला प्लायच आवडतो. ॲक्रिलिक बोल्ट आवळताना तडकतं. मोटर ग्लू गनने चिकटवू नका. मे महिन्यात गाडी स्कूटीच्या डिक्कीत ठेवली आणि माझी एक मोटर सुटून आली. बॅटरी चाकांच्या जवळ बसवा, सगळं वजन कॅस्टरवर गेलं की चाकं घसरतात.

एक चाक उलटं फिरलं तर त्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. या स्वस्त मोटरींचा वेग जोडीतही सारखा नसतो. जी जास्त पळते तिचा पीडब्ल्यूएम (प्रोग्राममधला वेगाचा आकडा) थोडा थोडा उतरवत जा.