जुन्या टर्बो डिझेल गाडीची ताकद मधूनच जात असेल तर दोष कसा शोधावा

मधूनच ताकद सोडणारी गाडी गॅरेजमध्ये नेली की ती हमखास नीट चालते. चढावर छान ओढत असलेले इंजिन एकाएकी दम सोडते, पॅडल पूर्ण दाबूनही वेग वाढत नाही, आणि बाजूला थांबून पुन्हा चावी फिरवली की सारे पूर्ववत होते. अशा वेळी मिळणारा सर्वांत वाईट सल्ला म्हणजे ‘टर्बो गेला, बदलून टाका’. ज्या टर्बोचे (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचे) बेअरिंग गेले आहे किंवा पाती तुटली आहेत, तो अर्ध्या तासाने आपोआप बरा होत नाही. येणारा-जाणारा दोष बहुतेक वेळा टर्बोला हुकूम देणाऱ्या व्यवस्थेत, डिझेलच्या पुरवठ्यात किंवा एखाद्या सैल जोडणीत असतो, आणि तो ज्या स्थितीत उद्भवतो त्याच स्थितीत मोजल्याशिवाय सापडत नाही. उभ्या गाडीत, थंड इंजिनावर केलेल्या तपासणीला या दोषाच्या बाबतीत फारशी किंमत नाही.

आधी नोंद, मग हत्यारे

पहिले काम वहीत करावे. ताकद गेली तेव्हा इंजिन किती वेळ चाललेले होते, चढ होता की सपाटी, टाकीत डिझेल किती होते, धूर निघाला का आणि कोणत्या रंगाचा, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवावे. यातला सर्वांत मोलाचा प्रश्न एकच आहे: ताकद परत कशी आली? चावी बंद करून पुन्हा चालू करताच ती पूर्ण परत येत असेल, तर गाडीच्या संगणकाने टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त पाहून स्वतःहून ताकद रोखली होती, म्हणजेच गाडी लिंप मोडमध्ये गेली होती, अशी दाट शक्यता असते. चावीला हात न लावता, पॅडल सोडून थोडे हळू चालल्यावर ताकद हळूहळू परतत असेल, तर संशय आधी डिझेलच्या पुरवठ्यावर घ्यावा. काळ्या धुरासह जाणारी ताकद हवा कमी पडल्याचे सांगते. धूर अजिबात नसेल तर बहुधा डिझेलच कमी पडते आहे, किंवा संगणकाने ते मुद्दाम कमी केले आहे.

त्यानंतर गाडीच्या संगणकात साठलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी०२३४ म्हणजे तो जास्त, आणि पी००८७ म्हणजे डिझेलच्या रेलमधला, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना जोडलेल्या सामाईक नळीतला, दाब कमी. कोड मिळाला की त्यासोबत साठवलेली वेग, आरपीएम आणि तापमानाची नोंद उतरवून घ्यावी व त्याआधी काहीही पुसू नये. कोड लक्षण सांगतो, खराब झालेल्या भागाचे नाव सांगत नाही. दाब कमी असल्याचा कोड पाहून दाबाचा सेन्सर बदलणारे मी फार पाहिले आहेत. तो सेन्सर तपासायला अर्धे मिनिटही लागत नाही: चावी चालू, इंजिन बंद अशा स्थितीत त्याचे वाचन बाहेरच्या हवेच्या दाबाइतके, म्हणजे समुद्रसपाटीजवळ सुमारे १०० किलोपास्कल असायला हवे.

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदललेले असावेत. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) होजवर तेलाचा ताजा ओलसर पट्टा दिसला तर तिथला क्लॅम्प आणि होजची खालची बाजू हाताने दाबून पाहावी.

चालत्या गाडीतले वाचन

आता एका माणसाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने फक्त आकडे पाहावेत. दोन्ही कामे एकट्याने करणे धोक्याचे आहे. चारच वाचने निवडावीत: संगणकाने मागितलेला बूस्ट (टर्बोचा दाब), मिळालेला बूस्ट, मागितलेला रेल प्रेशर, मिळालेला रेल प्रेशर. जास्त वाचने निवडली तर जुन्या गाड्यांमध्ये नोंद इतकी संथ होते की नेमका क्षण निसटतो. इंजिन पूर्ण तापल्यावर रिकाम्या, सुरक्षित चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून पॅडल पूर्ण दाबून ३,००० च्या पुढे न्यावे, आणि दोष येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. मागितलेल्या आणि मिळालेल्या आकड्यांची फारकत कोणत्या जोडीत आधी होते, एवढेच पाहायचे आहे. रेल प्रेशर आधी ढासळला तर डिझेलकडे वळावे. बूस्ट आधी ढासळला किंवा मागणीच्या वर उसळला, तर पुढचा भाग नीट वाचावा.

व्हॅक्यूमचा मार्ग: सगळा वेळ इथेच जातो

बदलत्या पात्यांच्या बऱ्याच जुन्या टर्बोंमध्ये पात्यांचा कोन व्हॅक्यूमने हलवला जातो. इंजिनावरचा पंप व्हॅक्यूम तयार करतो, तो एकदिशा व्हॉल्व्हमधून आणि काही गाड्यांत एका छोट्या साठवण-डब्यातून सोलेनॉइडपर्यंत (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत) येतो, आणि सोलेनॉइड संगणकाच्या हुकुमानुसार त्यातला लागेल तेवढाच ॲक्च्युएटरला, म्हणजे दांड्याने पाती हलवणाऱ्या भागाला, देतो. पाइप एकूण मीटर-दोन मीटरच असतात, पण गरम इंजिनाच्या अंगाला चिकटून गेलेले असतात आणि वर्षानुवर्षे कोणी त्यांच्याकडे पाहिलेले नसते.

या टप्प्यावर मी स्वतः अडकलो होतो. चाळीस मिनिटे चालल्यावरच चढावर दम सोडणारी एक गाडी माझ्याकडे होती. एका गॅरेजने तिचा हवा मोजणारा सेन्सर आधीच बदलला होता आणि उपयोग झाला नव्हता. मी हातपंपाने ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम दिला, पंपाच्या गेजचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे तिथे गळती नव्हती. इंजिनावरच्या पंपाजवळ व्हॅक्यूम मोजला, तोही पुरेसा होता. मग सोलेनॉइड आणि ॲक्च्युएटर यांच्यामध्ये टी-जोड घालून गेज लावले आणि गाडी चालवली. काटा खाली-वर झाला, ती गळती समजून मी सोलेनॉइड बदलला, आणि दोष तसाच राहिला. माझी चूक मोजण्याच्या जागेत होती. सोलेनॉइडच्या पुढे व्हॅक्यूम बदलत राहणे हेच त्याचे काम आहे. तिथला हलणारा काटा काहीच सिद्ध करत नाही.

म्हणून गेज आधी सोलेनॉइडच्या मागे, पुरवठ्याच्या बाजूला लावावे. टी-जोडापासून जाड भिंतीचा लांब पाइप बॉनेटच्या कडेने, पंख्यापासून व पट्ट्यापासून दूर, खिडकीतून आत आणावा आणि गेज शेजारी बसलेल्याच्या हातात द्यावे. समुद्रसपाटीजवळ चांगला पंप पाऱ्याच्या सुमारे ७०० मिलिमीटरपर्यंत व्हॅक्यूम देतो. उंच ठिकाणी आकडा कमी येतो, त्याला दोष समजू नये. महत्त्वाचे हे की पुरवठ्याकडचा काटा पॅडल दाबल्यावरही जवळजवळ स्थिर राहायला हवा. ब्रेक बूस्टर (ब्रेक दाबायला मदत करणारा डबा) त्याच पंपावर असेल तर ब्रेक दाबताना काटा क्षणभर उतरून परत येतो, तेवढे चालते. माझ्या गाडीत चढावर पॅडल पूर्ण दाबताच काटा कोसळला आणि पॅडल सोडताच वर आला.

जोर लागला की इंजिन आपल्या माउंटिंगवर (इंजिन ज्यावर बसवलेले असते त्या बैठकीवर) एका बाजूला झुकते. पंपाकडून येणारा पाइप धातूच्या एका पट्टीखालून जात होता आणि त्या झुकण्याने दर वेळी ताणला जात होता. वरून तो धडधाकट दिसत होता. खालून बोट फिरवले तेव्हा नखाला बारीक कड लागली, आणि पाइप उलट वाकवला तेव्हा ओठ उघडावा तशी अर्धचंद्राकृती चीर उघडली. उभ्या गाडीत ती चीर घट्ट मिटलेली असायची, म्हणूनच हातपंपाच्या आणि जागेवरच्या सगळ्या तपासण्यांत ती सुटली.

पुरवठा चढावर पडत असेल तर एकेक शाखा बंद करून पाहावे. ईजीआर (जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था), त्याच्या कूलरचा बायपास, काही गाड्यांत इंजिन माउंटिंगसुद्धा याच व्हॅक्यूमवर चालते, आणि एका शाखेतली गळती दुसऱ्या शाखेचा दोष म्हणून समोर येते. ब्रेककडे जाणारा पाइप मात्र गाडी चालवण्यासाठी कधीही बंद करू नये. त्याची तपासणी उभ्या गाडीतच करावी. प्रत्येक पाइपचे टोक निपलवरून काढून पाहावे: ते घंटेसारखे पसरले असेल तर सेंटीमीटरभर कापून पुन्हा बसवावे, आणि लांबी पुरत नसेल तर पाइप बदलावा. कापडी वेष्टनाचे जुने पाइप मी तपासत बसत नाही, सरळ बदलतो, कारण वेष्टनाखालची भेग दिसतच नाही. पातळ भिंतीचा मऊ पाइप लावू नये. तो गरम झाला की व्हॅक्यूमने आतून चपटा होतो आणि तुम्ही स्वतःच नवा येणारा-जाणारा दोष तयार करता. एकदिशा व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकावे. हवा एकाच बाजूने जायला हवी.

पुरवठा शेवटपर्यंत स्थिर राहिला, तरच सोलेनॉइडकडे जावे. त्याला तिसरे तोंड असते, ज्यातून बाहेरची हवा आत येऊन ॲक्च्युएटरमधला व्हॅक्यूम सुटतो, आणि त्या तोंडावर बऱ्याचदा छोटा फिल्टर असतो. तो धुळीने व तेलाने बुजला की व्हॅक्यूम वेळेवर सुटत नाही, पाती बंदच राहतात, बूस्ट मागणीच्या वर उसळतो आणि संगणक ताकद कापतो. दाब जास्त असल्याचा कोड आला असेल तर सर्वांत आधी हा फिल्टर काढून पाहावा.

पाती अडकत असतील तर

इंजिन चालू करताना ॲक्च्युएटरच्या दांड्याकडे पाहावे. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बहुतेक टर्बोंमध्ये तो इंजिन सुरू होताच ओढला जातो आणि बंद करताच परत येतो. ही हालचाल एकसंध हवी. हातपंपाने हळूहळू व्हॅक्यूम वाढवताना दांडा थांबून, मग झटक्याने उडत असेल, तर काजळीने पाती जड झाली आहेत. टर्बो उतरवून साफ करणे हाच त्यावर खात्रीचा उपाय आहे. टाकीत टाकायच्या द्रवांनी पाती मोकळी होतात यावर माझा विश्वास नाही. आणि दांड्याच्या मर्यादेचा स्क्रू फिरवून दोष घालवण्याचा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये. ती मर्यादा हवेचा प्रवाह मोजून ठरवलेली असते, आणि एकदा हलवली की अंदाजाने परत जुळत नाही.

रेल प्रेशर आधी पडला असेल तर

टाकीपासून डिझेलच्या पंपापर्यंतची बाजू जिथे ओढीवर चालते तिथे बारीक फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून कोरडा दिसणारा जोड निर्दोष समजू नये. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेल सहन करणारा पारदर्शक पाइप तात्पुरता जोडून बुडबुडे पाहावेत. एखाददुसरा बारीक बुडबुडा चालतो, सलग माळ चालत नाही. दोष येताच टाकीचे झाकण उघडावे. जोरात हवा आत ओढली गेली आणि ताकद परतली तर टाकीचा श्वासमार्ग बुजला आहे. चढावर ताकद जाते आणि काही मिनिटे इंजिन बंद ठेवल्यावर परतते, असे असेल तर टाकीतला कचरा गाळणीला चिकटतो आणि ओढ थांबली की गळून पडतो, अशी शंका घ्यावी. टाकी उतरवून पाहण्यावाचून तिथे इलाज नाही.

हे सारे निर्दोष निघाले तरच इंजेक्टरच्या परतीचे डिझेल मोजायला घ्यावे. इंजिन चालू असताना उच्च दाबाची नळी कधीही सैल करू नये, आणि गळती हाताने चाचपून तर मुळीच शोधू नये. कॉमन रेलमध्ये जोरात असताना १,००० बारहून अधिक दाब असतो. केसाएवढी धार कातडीखाली शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.

दुरुस्ती झाली की तोच चढ, तोच गिअर, तेवढेच तापलेले इंजिन आणि तीच चार वाचने पुन्हा घ्यावीत. पूर्वी चाळीस मिनिटांनी दोष येत असेल तर निदान तासभर गाडी चालवावी, आणि त्यानंतरच जुने कोड पुसावेत.