ठाणे ते मुंबई: पूर्व द्रुतगती मार्गावर वेळ कुठे जातो आणि तो कसा वाचवायचा

माजिवड्यापासून शीवपर्यंत पूर्व द्रुतगती मार्ग साधारण साडेतेवीस किलोमीटरचा आहे. रस्ता मोकळा असताना ताशी 60 किलोमीटरने गेलात तर हे अंतर साडेतेवीस मिनिटांत संपतं आणि 80 ने गेलात तर साडेसतरा मिनिटांत. म्हणजे कितीही गाडी दामटली तरी फायदा सहा मिनिटांचा, आणि तेवढा वेळ एक चुकलेलं वळण सहज खातं. रोजच्या प्रवासात वेळ जातो तो दोन प्रवाह मिसळतात त्या जागी, म्हणून आधी त्या जागा ओळखून ठेवा.

निघण्यापूर्वीच कुठे उतरायचं ते पक्कं करा. पवई, सीप्झ किंवा जोगेश्वरीला जायचं असेल तर कांजुरमार्गला जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता (जेव्हीएलआर) पकडा. मात्र या रस्त्यावर मेट्रो 6 चं काम आहे, त्यामुळे नकाशावर लाल पट्टा दिसला तर निघण्याची वेळच बदलणं बरं. बीकेसीसाठी (वांद्रे-कुर्ला संकुल) चुनाभट्टीला सोमय्या मैदानाजवळचा बीकेसी कनेक्टर आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झालेला हा 1.6 किलोमीटरचा पूल शीव आणि धारावीचा फेरा वाचवतो. फोर्ट किंवा सीएसएमटीला जाणाऱ्यांनी शीवपर्यंत जाऊच नये. छेडानगरला डावीकडे घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता घ्या आणि तिथून इस्टर्न फ्रीवेवर चढा. त्या जोडरस्त्यावर मानखुर्दकडे जाणारा वेगळा उड्डाणपूलही आहे, तेव्हा पाटी वाचल्याशिवाय कुठल्याही रॅम्पवर गाडी घालू नका.

आता लेन. मुंबईकडे जाताना ऐरोली डाव्या हाताला येते. मुलुंडच्या पुढे ऐरोली जंक्शनकडे वळणाऱ्यांची रांग डाव्या लेनमध्ये साठते, म्हणून सरळ जाणाऱ्यांनी आनंदनगर नाका सोडतानाच मधली लेन धरावी. नवख्या माणसाची चूक होते ती उजवीकडे वळताना. पवईसारखं ठिकाण उजव्या हाताला आहे म्हणून तो उजव्या लेनमध्ये राहतो आणि थेट उड्डाणपुलावर जातो. या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी उजवीकडे वळायचं असलं तरी आधी डावीकडून पुलाखाली उतरावं लागतं. पहिली पाटी दिसली की डावीकडे या. पुलाच्या तोंडाशी आल्यावर कट मारला, तर मागच्या तीन गाड्यांना ब्रेक मारावा लागतो.

त्या एका ब्रेकचं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. एका लेनमधून तासाला साधारण 1,800 ते 2,000 गाड्या सुरळीत जाऊ शकतात. रस्ता इतका भरलेला असताना एकाने जोरात ब्रेक मारला की मागचा त्याहून जोरात मारतो, त्याच्या मागचा थांबतो, आणि हा खोळंबा ताशी 15 ते 20 किलोमीटर वेगाने उलट दिशेला सरकत जातो. दहा मिनिटांनी विक्रोळीला थांबलेल्या माणसाला पुढे काहीच दिसत नाही: ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक. यावर हातात असलेला उपाय एकच, पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर. ताशी 60 च्या वेगाला ते 33 मीटर होतं, म्हणजे सात-आठ गाड्यांची लांबी. पावसात ते दुप्पट करा. त्या जागेत कोणी घुसलं तर घुसू द्या. त्याने तुमचे दोनच सेकंद जातात, आणि मागच्या शेकडो लोकांचा खोळंबा टळतो.

ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. पण जिथे बूथचं बांधकाम उभं आहे तिथे रस्ता आधी पसरतो आणि मग आवळतो, आणि गर्दी होते ती आवळण्याच्या जागी. अवजड वाहनांना टोल अजून आहे, त्यामुळे त्यांच्या रांगेमागे अडकू नका. बूथ ओलांडल्यावर लगेच तिरपं न जाता आहे त्याच रेषेत शंभर-दीडशे मीटर पुढे या आणि मगच लेन बदला.

फ्रीवे 16.8 किलोमीटरचा आहे. उतरायच्या जागा मोजक्याच, म्हणून चढण्यापूर्वी पेट्रोल आणि टायरमधली हवा बघून घ्या. सकाळी कोंडी होते ती फ्रीवे संपतो तिथे, ऑरेंज गेटला: विनासिग्नल आलेला सगळा लोंढा पी. डिमेलो रोडच्या सिग्नलवर उतरतो. तिथून मरीन ड्राइव्हला जोडणाऱ्या भुयारी रस्त्याचं काम सुरू आहे, तोवर शेवटच्या टप्प्यासाठी दहा-पंधरा मिनिटं जास्तीची धरा. परतताना मानखुर्द रस्त्याकडून ठाण्याकडे नेणारा छेडानगरचा सव्वा किलोमीटरचा उड्डाणपूल घ्या. एप्रिल 2023 मध्ये तो सुरू झाल्यापासून खालच्या सिग्नलवर ताटकळावं लागत नाही. पुलावरून उतरल्यावर मात्र आधी मुख्य रस्त्याचा वेग पकडा आणि मग आत शिरा.

पावसाळ्यात समुद्राच्या भरतीचं महापालिकेचं वेळापत्रक फोनमध्ये ठेवा. भरती साडेचार मीटरच्या वर असेल आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असेल तर पाणी समुद्रात जात नाही. शीव, गांधी मार्केट, हिंदमाता तुंबतात. अशा दिवशी फ्रीवेचा उंच रस्ताच बरा.

गाडी बंद पडलीच तर चारही इंडिकेटर लावा आणि गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या. सगळ्यांना डाव्या दारानेच उतरवा. परावर्तक त्रिकोण किमान 50 मीटर मागे ठेवा. कठड्याला चिकटून गाडीच्या मागच्या बाजूला, तिच्यापासून लांब उभे राहा. गाडीच्या पुढ्यात थांबू नका, कारण मागून धडक बसली तर ती पुढेच ढकलली जाते. मग 112 ला फोन करा आणि जवळच्या खांबाचा क्रमांक सांगा. द्रुतगती मार्गाचा मुंबईतला भाग 2022 पासून मुंबई महापालिकेकडे आहे, म्हणून तिथल्या खड्ड्याची तक्रार 1916 वर करायची. तीही दिशा आणि जवळच्या पुलाचं नाव सांगून: 'विक्रोळीजवळ' एवढ्यावर खड्डा सापडत नाही.