युवा शिबिरांची आपत्कालीन सुरक्षा: कायद्याचे पालन करताना या चुका टाळा

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या केर काउंटीत (जिल्ह्यात) 4 जुलै 2025 च्या पहाटे ग्वाडलूप नदीला आलेल्या पुरात कॅम्प मिस्टिक या मुलींच्या शिबिरातील 25 शिबिरार्थी आणि 2 काउन्सेलर (मुलींची देखरेख करणाऱ्या तरुणी) मृत्युमुखी पडल्या. राज्याच्या आरोग्य विभागाने दोनच दिवस आधी या शिबिराची तपासणी केली होती आणि आपत्कालीन आराखडा उपलब्ध असल्याची नोंदही झाली होती. आराखडा आहे की नाही एवढेच त्या वेळच्या तपासणीत पाहिले जात असे. तो रात्री उपयोगी पडेल का, याची छाननी होत नसे. त्यानंतर राज्य विधिमंडळाने शिबिरांसाठी दोन नवे कायदे संमत केले आणि 5 सप्टेंबर 2025 रोजी गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी त्यांवर स्वाक्षरी केली. त्यांतील एकाचे नावच मृत मुलींच्या स्मरणार्थ ‘हेवन्स 27’ असे आहे. नियम आता बरेच कडक झाले आहेत, पण ते पाळताना जुन्याच सवयी डोके वर काढण्याचा धोका आहे.

आराखडा निरीक्षकासाठी लिहिणे

ही सर्वांत मोठी चूक आहे. पूर, आग, वादळ, हरवलेले मूल, बुडण्याची घटना, शिबिरात शिरलेली अनोळखी व्यक्ती अशा प्रत्येक प्रसंगासाठी कार्यपद्धती असावी, असे नवे कायदे सांगतात. त्यामुळे आराखडे जाडजूड होणार हे उघड आहे. परंतु रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, दहा-बारा लहान मुलांसोबत केबिनमध्ये झोपलेली काउन्सेलर बहुधा कॉलेजात शिकणारी मुलगी असते आणि तिला चाळीस पानांचा दस्तऐवज आठवणार नाही. तिला चारच गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: इशारा कशाने कळेल, कोणत्या दाराने बाहेर पडायचे, कोणत्या उंचवट्यावर जमायचे आणि हजेरी कोण घेणार. आराखड्यातील प्रत्येक वाक्याला ‘हे नेमके कोण करणार?’ असा प्रश्न विचारावा. उत्तरात व्यक्ती किंवा पद न येता ‘व्यवस्थापन’ असा मोघम शब्द आला, तर ते वाक्य अपुरे आहे असे समजावे.

स्थलांतर म्हणजे गाड्या काढणे, असा समज

याच खोऱ्यात 17 जुलै 1987 रोजी कम्फर्ट गावाजवळच्या एका शिबिरातून मुलांना बसने सुरक्षित स्थळी हलवले जात असताना पाण्याने वाट अडवली, बस बंद पडली आणि 10 किशोरवयीन मुले वाहून गेली. म्हणजे 1987 मध्ये उशिरा निघणे जीवघेणे ठरले आणि कॅम्प मिस्टिकमध्ये केबिनमध्ये थांबून राहणे. या दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहिल्या, तर ‘थांबावे की निघावे’ हा वाद निरर्थक वाटतो. खरा प्रश्न केव्हा निघावे आणि कोणत्या वाटेने निघावे हा आहे. नदीकाठच्या शिबिराचा रस्ता पुष्कळदा फरशी पुलावरून जातो आणि पुरात तोच प्रथम बुडतो. सुमारे दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींना वाहून नेऊ शकते. म्हणून पहिली वाट पायी, चढाची आणि पाणी न ओलांडणारी असावी, तिच्यावर रात्री दिसेल असा प्रकाश असावा आणि तिचा नकाशा प्रत्येक केबिनमध्ये लावलेला असावा.

अधिकृत फोनची वाट पाहणे

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा ‘वॉच’ म्हणजे पुराला अनुकूल परिस्थिती आणि ‘वॉर्निंग’ म्हणजे पूर आलेला आहे किंवा येऊ घातला आहे. केर काउंटीसाठी ‘वॉच’ 3 जुलैच्या दुपारीच जाहीर झाला होता, ‘वॉर्निंग’ रात्री 1 वाजून 14 मिनिटांनी आली आणि सर्वांत गंभीर श्रेणीचा इशारा पहाटे 4 च्या सुमारास आला. जो शेवटच्या इशाऱ्याची वाट पाहील, त्याच्या हाती काहीच उरणार नाही. ‘वॉच’ जाहीर होताच रात्रपाळीचा माणूस नेमून नदीवर नजर ठेवावी आणि सखल केबिनमधील मुलांना झोपण्यापूर्वीच वर हलवावे, हा माझ्या मते आराखड्यातील सर्वांत मोलाचा नियम आहे. त्याच रात्री त्याच काउंटीतील मो-रँच या केंद्रात सुविधा व्यवस्थापकाने मध्यरात्रीनंतर चढते पाणी पाहिले, वरिष्ठांना उठवले आणि नदीजवळच्या इमारतीतील सुमारे 70 मुले व प्रौढ वेळेत हलवले गेले. तेथे एकही जीव गेला नाही.

इशारा पोहोचवण्याचे साधन केवळ मोबाईलवर अवलंबून ठेवणे ही याच चुकीची दुसरी बाजू. डोंगराळ खोऱ्यात सिग्नल नसतो, आणि अनेक शिबिरांत मोबाईल वापरण्यावर बंदी असते. इंटरनेटवर न चालणारी ध्वनिक्षेपण यंत्रणा आणि बॅटरीवर चालणारा, हवामानाचे इशारे देणारा रेडिओ हवाच. रेडिओवर आपल्या काउंटीचा संकेतांक भरलेला नसेल, तर तो सगळ्या परिसराच्या इशाऱ्यांनी वाजत राहतो आणि मग कुणीतरी वैतागून तो बंद करून टाकतो.

पूररेषेवर विसंबणे

नव्या कायद्यानुसार, काही अपवाद वगळता, संघीय नकाशावरील शंभर वर्षांच्या पूरक्षेत्रात केबिन असलेल्या शिबिराला परवाना मिळत नाही. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हा अर्थ मात्र चुकीचा आहे: अशा पुराची शक्यता दरवर्षी 1 टक्का असते आणि तीस वर्षांच्या काळात ती साधारण 26 टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय मालकाच्या अर्जावरून एखादी इमारत नकाशातून वगळली जाऊ शकते. त्याने पाण्याची वाट बदलत नाही.

तालीम दिवसा आणि हजेरी कागदावर

शिबिर सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत मुलांना सुरक्षेची माहिती देणे बंधनकारक आहे. ती व्याख्यानाने उरकू नये. पहिल्याच संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वाट चालवून दाखवावी. केबिनची यादी कार्यालयातच राहिली तर जमण्याच्या ठिकाणी मोजदाद कशाशी ताडणार? ती काउन्सेलरच्या गळ्यातील ओळखपत्रामागे असावी आणि मुलांनी केबिन बदलताच दुरुस्त व्हावी.

पालकांच्या दोन गफलती

शिबिराचा काही भाग पूरक्षेत्रात असल्यास पालकांना तसे कळवून त्यांची स्वाक्षरी घ्यावी लागते. हा कागद इतर दहा संमतिपत्रांत मिसळून न वाचता सही केला जातो. सही करण्यापूर्वी मुलाची केबिन कोठे आहे आणि तिच्यापासून जमण्याची जागा पायी किती अंतरावर आहे, हे विचारावे. दुसरे असे की, टेक्सासच्या व्याख्येनुसार किमान पाच मुले आणि किमान चार दिवस असा कार्यक्रमच ‘युवा शिबिर’ ठरतो, त्यामुळे शनिवार-रविवारचे निवासी शिबिर परवान्याच्या कक्षेबाहेर राहू शकते. कुटुंबे तंबू किंवा आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन उतरतात त्या कॅम्पग्राउंडना वेगळे नियम लागू होतात. पूरक्षेत्रातील अशा जागेच्या चालकाकडे स्थलांतराचा आराखडा असलाच पाहिजे; तो जागा ताब्यात घेतानाच मागून घ्यावा आणि उजेड असतानाच उंचावर जाणारी वाट एकदा चालून पाहावी.