दाजीपूरच्या रानात फिकट खुणांवरून प्राणी कसे ओळखावेत

राधानगरी अभयारण्यात (दाजीपूरचं रान त्यातलंच) जाऊन 'काहीच दिसलं नाही' म्हणत परतणारे पुष्कळ. दाट झाडीत गव्यासारख्या प्राण्याचं काळपट अंग सावलीत मिसळून जातं, दिसते ती त्यावरची बदामी, मळकट पिवळी खूण. आख्खा प्राणी शोधत बसू नका, आधी ती खूण हेरा.

१. वेळ साधा. कोल्हापूरहून दाजीपूर साधारण ऐंशी किलोमीटर. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. इतर दिवसांत मुक्काम राधानगरीत केला तर पहाट गाठता येते. गवे सकाळ-संध्याकाळ चरतात आणि उन्हं चढली की झाडीत रवंथ करत बसतात. दुपारी बाराला गेटवर पोचून गव्यांच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही.

२. नजर गुडघ्याखाली ठेवा. गव्याचे चारही पाय गुडघ्यापासून खाली मळकट पांढरे-पिवळसर असतात, जणू मोजे घातलेत. कारवीच्या झुडपांआड अंग अजिबात दिसत नाही, हे मोजे तेवढे हलतात. मग वर बघा: दोन शिंगांच्या मधे कपाळावर तसाच फिकट पट्टा. नर जवळजवळ काळा, मादी तपकिरी, आणि लहान वासरू चक्क सोनेरी. सोनेरी वासरू दिसलं की कळप जवळपासच आहे असं समजा आणि पुढं जाऊ नका.

३. आडवा उभा राहिला तर मागं सरा. नर गवा बाजू आणि पाठीचा उंचवटा दाखवत उभा राहतो तेव्हा लोक मोबाईल काढतात. तो फोटोला उभा नाही, धमकावतोय. फुस्स आवाज ऐकू आला तर आणखी मागं.

४. आता मान वर. शेकरू, म्हणजे मोठी खार, आपला राज्यप्राणी, दिवसा शेंड्यांवर वावरतं. पाठ गडद तपकिरी, पोट आणि गळा बदामी, शेपटीचं टोक फिकट. फांदीवर मागच्या पायांनी पकड घेऊन दोन्ही हातांनी फळ खाताना शेपूट खाली लोंबते, ती सापडली की शेकरू सापडलं. काटक्या-पानांची घरटी एकाच शेकराची अनेक असतात, त्यामुळे घरटं रिकामं निघालं तर नवल नाही.

५. पिसोरीची आस धरू नका. फूटभर उंचीचं, बिनशिंगांचं हे हरीण रात्री फिरतं. अंगावरचे फिकट ठिपके-पट्टे पाचोळ्यात इतके मिसळतात, की ते स्थिर उभं असेल तर शेजारून जाल.

६. गवा शिवारात आला तर. उसाच्या पट्ट्यात हे आता नवं राहिलेलं नाही. घोळका करू नका, मागं धावू नका. 2020 च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा त्या पळापळीतच दगावला. जायला वाट मोकळी ठेवा, कुत्री बांधा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा.