गोल बॉसला सपाट रिब जोडताना: फट कुठे राहते आणि ती कशी टाळायची

खाली सपाट प्लेट, मधोमध गोल बॉस (उभा दंडगोल उंचवटा) आणि दोघांना आधार देणाऱ्या त्रिकोणी रिब्स (पातळ आधार-पट्ट्या) ही रचना बेअरिंग हाउसिंगपासून फ्लँजपर्यंत सगळीकडे भेटते. कॅड (संगणकावर वस्तूचं मॉडेल काढणं) शिकणारा प्रत्येक जण ती लवकरच काढतो आणि बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं. मॉडेल पडद्यावर बरोबर दिसतं, पण रिबच्या मुळाशी फिलेट (कडेची गोलाई) द्यायला गेलं की सॉफ्टवेअर नकार देतं. दोष फिलेटचा नसतो. रिब बॉसला नीट चिकटलेलीच नसते.

रिबचं टोक सपाट असतं आणि बॉस गोल. रिबचं स्केच बॉसच्या बाहेरच्या त्रिज्येवर बरोबर संपवलं, तर दोघं फक्त रिबच्या मध्यरेषेवर टेकतात. मध्यापासून कडेकडे जाताना बॉसचा पृष्ठभाग मागे वळतो आणि रिबच्या दोन्ही बाजूंना पाचरीसारखी बारीक फट राहते. कडेपाशी ती किती रुंद असते ते असं काढता येतं:

फट = त्रिज्या − √(त्रिज्या² − (जाडी ÷ २)²)

बॉसची त्रिज्या २० मिमी आणि रिबची जाडी ६ मिमी असेल, तर फट सुमारे ०.२३ मिमी येते. त्रिज्या १५ आणि जाडी १० असेल, तर तीच ०.८६ मिमी होते. पडद्यावर ०.२३ सहज दिसत नाही, पण फिलेटची आकडेमोड तिथेच कोलमडते. थ्रीडी प्रिंटसाठी पाठवलं, तर स्लाइसर (मॉडेलचे प्रिंटसाठी थर पाडणारं सॉफ्टवेअर) रिब आणि बॉस वेगवेगळे धरू शकतो.

याहून फसवी गोष्ट म्हणजे अशा वेळी सॉफ्टवेअर बहुधा गप्प राहतं. रिब हवेत सुटी असती, तर फ्रीकॅड या मोफत कॅड सॉफ्टवेअरने एकाहून जास्त सॉलिड (सुटे घन भाग) झाल्याची तक्रार करण्याची शक्यता होती. पण इथे रिब खालच्या प्लेटला जोडलेली असते, म्हणजे सॉलिड एकच आहे आणि तक्रारीला जागा नाही. म्हणून लाल खूण आली नाही एवढ्यावर विसंबू नका.

उपाय सोपा आहे. रिब पृष्ठभागावर संपवायची नाही, तिला बॉसच्या आत घुसवायचं. किती आणि कशी, हे एका उदाहरणावरून पाहू. फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइन वर्कबेंचमध्ये (साधनांच्या एका संचात) तयार रिब टूल मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक पायरी स्वतः करावी लागते. शिकायला तेच बरं.

मापं अशी घ्या: प्लेट १०० × १०० × १० मिमी, तळ झेड शून्यावर आणि केंद्र मूळबिंदूवर. बॉसचा बाहेरचा व्यास ४०, वरचं टोक झेड ६० वर. बोअर (बॉसमधलं आरपार भोक) २४ मिमी, म्हणजे बॉसची भिंत ८ मिमी. चार रिब्स, प्रत्येकी ६ मिमी जाड. एम ८ बोल्टसाठी ९ मिमीची चार भोकं, केंद्रापासून दोन्ही दिशांना ३८ मिमीवर. ती कोपऱ्यांत येतात आणि रिब्स अक्षांवर, त्यामुळे पाना फिरवायला जागा मिळते.

१. प्लेट आणि बॉस पॅड करा, म्हणजे स्केचला जाडी देऊन घन भाग बनवा. बोअर आत्ता पाडू नका.

२. एक्सझेड प्रतलावर नवीन स्केच उघडा. हे प्रतल सॉलिडच्या मधून जातं, त्यामुळे रेषा झाकल्या जातात. सेक्शन दाखवणारं बटण दाबलं की पुढचा अर्धा भाग बाजूला होतो.

३. चार बिंदूंचा बंद चौकोन काढा. एक्स आणि झेड अशा क्रमाने बिंदू: (१७, ८), (४४, ८), (४४, १५), (१७, ५२).

४. ६ मिमी पॅड करा आणि प्रतलाच्या दोन्ही बाजूंना समान वाढवण्याचा पर्याय निवडा. तो राहिला, तर रिब ६ मिमी एकाच बाजूला जाते.

५. पोलर पॅटर्न (अक्षाभोवती समान अंतरावर प्रती) द्या: अक्ष झेड, कोन ३६०, संख्या ४.

६. आता बोअर आणि बोल्टची भोकं पॉकेटने (स्केचच्या आकाराने कापणाऱ्या साधनाने) आरपार पाडा. त्यांचं स्केच एक्सवाय प्रतलावर, म्हणजे प्लेटच्या तळाशी असेल, तर पॉकेट खाली रिकाम्या हवेत जातं आणि काहीच कापत नाही. दिशा उलटी करा.

तिसऱ्या पायरीतल्या आकड्यांवर जरा थांबायला हवं, कारण सगळं मर्म तिथे आहे. एक्स १७ म्हणजे रिब बॉसच्या पृष्ठभागापासून ३ मिमी आत गेली. फट ०.२३ मिमीची होती, ती पूर्ण बुजली. बोअरची त्रिज्या १२ आहे, त्यामुळे रिब आतून डोकावतही नाही. झेड ८ म्हणजे प्लेटमध्येही २ मिमी आत. रिबचा तळ प्लेटच्या वरच्या पृष्ठभागाशी तंतोतंत टेकवून ठेवण्यापेक्षा हे भरवशाचं.

तिरकी रेषा एक्स २० वर मोडलेली नाही, सरळ १७ पर्यंत गेली आहे. हे मुद्दाम केलं आहे. पुष्कळ जण तिरकी रेषा २० वर थांबवतात आणि तिथून आडवी रेषा आत नेतात. तसं केलं की रिबच्या माथ्यावर, बॉसला लागून, चंद्रकोरीसारखे दोन सपाट तुकडे उरतात. मध्यावर त्यांची रुंदी शून्य, कडेला ०.२३ मिमी. फट गेली, पण तिच्या जागी फिलेट अडवणारा नवा तुकडा आला. तिरकी रेषा आहे त्याच उताराने आत न्या. मग बॉसवर ती साधारण ४८ मिमी उंचीवर भेटते आणि बॉसच्या माथ्यापर्यंत १२ मिमी मोकळे राहतात. ही मोकळी जागाही हवीच. रिब बॉसच्या वरच्या कडेशी बरोबर जुळवली, तर फिलेटला पसरायला पृष्ठभाग उरत नाही.

हे आकडे स्केचमध्ये थेट टाइप करण्याऐवजी स्प्रेडशीटमध्ये ठेवा. आतल्या बिंदूचं अंतर ‘बॉस व्यास ÷ २ − ३’ असं लिहा. उद्या व्यास ४० चा ५० झाला, तरी रिब ३ मिमी आतच राहील. बॉसच्या उभ्या कडेला माप बांधायचा मोह टाळा. सिलिंडरला खरी उभी कड नसतेच, दिसते ती पृष्ठभाग जिथे मिटतो ती शिवण. तिच्यावर मापं बांधली, तर पुढे मॉडेल बदलताना ती सुटू शकतात. बोअर शेवटी पाडण्याचं कारणही हेच: पुढे बोअर ३६ मिमी केला, भिंत २ मिमीच उरली आणि रिब आत डोकावू लागली, तरी डोकावणारा भाग पॉकेट कापून टाकतं.

फिलेट सगळ्यांत शेवटी, आणि क्रमाने. आधी रिबच्या बाहेरच्या कडा २ मिमीने गोल करा: दोन तिरक्या, टोकाच्या दोन उभ्या आणि त्यांना जोडणारी आडवी. इथे ३ मिमी टाकू नका. रिब ६ मिमी जाड आहे. दोन्ही बाजूंनी तीन-तीन घेतले, तर मधला सपाट पृष्ठभाग पूर्ण संपतो आणि फिलेट फसतं. मग मुळाच्या कडा घ्या: रिब आणि बॉस, रिब आणि प्लेट, बॉस आणि प्लेट. सगळ्या एकाच फिलेटमध्ये, एकाच त्रिज्येने, ३ मिमी. तीन कडा एका कोपऱ्यात भेटतात. त्यांना वेगवेगळ्या फिलेटमध्ये वेगवेगळी त्रिज्या दिली, तर कोपरा बऱ्याचदा बंद होत नाही. रिबचं बाहेरचं टोक प्लेटच्या वर ५ मिमी उंच ठेवलं आहे ते यासाठीच. ते २ मिमी असतं, तर ३ मिमीच्या फिलेटला चढायला भिंत पुरली नसती.

फिलेट तरीही अडलं, तर त्रिज्या ०.५ मिमी करून पाहा. तेवढंही होत नसेल, तर बहुधा फट किंवा चिंचोळा तुकडा राहिलाच आहे. क्लिपिंग प्लेनने (मॉडेल कापून आतलं दाखवणाऱ्या प्रतलाने) झेड ३० वर आडवा छेद घ्या आणि रिब-बॉसच्या सांध्यावर झूम करा. पार्ट वर्कबेंचमधली भूमिती तपासणीही चालवा.

सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमधल्या रिब टूलमध्ये नुसती एक उघडी रेषा पुरते, ती पृष्ठभागापर्यंत आपोआप वाढते. मात्र ती रेषा पुढे वाढवल्यावर बॉसवर आदळली पाहिजे. वरून निसटत असेल, तर रिब बनत नाही.

जाडी ठरवताना वस्तू कशी बनणार ते आधी पाहा. ओतकामात रिब भिंतीपेक्षा पातळ ठेवतात, नाहीतर सांध्यावर धातू उशिरा थिजतो आणि आत पोकळी राहते. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये ती भिंतीच्या ५० ते ६० टक्के घेतात, जास्त झाली तर बाहेरच्या बाजूला खळगा पडतो.

घुमटाच्या आतल्या बाजूला रिब्स द्यायच्या असतील, तर मात्र स्केचमध्ये आत घुसवण्याची युक्ती पुरत नाही. भिंत पातळ असते आणि वाकही दोन दिशांना असतो. समजा बाहेरची त्रिज्या ६० आणि आतली ५७ आहे. रिब्सचा सांगाडा वेगळ्या बॉडीत घुमटाबाहेर जाईल एवढा मोठा काढा. ५८.५ त्रिज्येचा गोल त्याच केंद्रावर ठेवून, बूलियनमधल्या ‘कॉमन’ने दोघांचा सामाईक भाग घ्या आणि तो घुमटाशी फ्यूज करा, म्हणजे जोडून एकच सॉलिड करा. रिब सगळीकडे भिंतीत १.५ मिमी रुतते आणि बाहेर कुठेच येत नाही.