लाटांपासून वीज: या क्षेत्रात येताना काय शिकून यावं

या विषयात नव्याने येणारी मुलं बहुतेक पहिला प्रश्न विचारतात तो कार्यक्षमतेचा. माझीही सुरुवात तिथूनच झाली. प्रयोगशाळेच्या टाकीत माझं तरंगतं मॉडेल लाटांवर सुरेख डोलत होतं, आकडे छान येत होते. मग सरांनी वादळी लाटा सोडायला लावल्या. दुसऱ्याच लाटेला नांगराची दोरी ताठ झाली आणि तिची कडी मुळासकट उपटून आली. पुढचे कित्येक महिने मी वीज बाजूला ठेवून दोरी आणि कडी यांचाच अभ्यास करत होते.

लाटेची ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खोल समुद्रात २ मीटर उंचीच्या, दर ८ सेकंदांनी येणाऱ्या लाटांमध्ये माथ्याच्या दर मीटर लांबीला साधारण १६ किलोवॅट मिळतात. १० मीटर आणि १४ सेकंदांच्या वादळात तोच आकडा ७०० च्या आसपास जातो. कमाई रोजच्या १६ वर, सांगाडा मात्र ७०० सोसणारा हवा. ही वीज महाग पडते ती मुख्यतः यामुळे.

शिवाय लाट संथ, मागेपुढे हलणारी. नेहमीच्या जनरेटरला एकाच दिशेचा वेग हवा. यावरचा माझा लाडका तोडगा म्हणजे वेल्स टर्बाइन. बंद कोठीत लाटेने ढकललेली हवा आत जावो की बाहेर, ते फिरतं एकाच बाजूला. स्पेनच्या मुत्रिकू बंदराच्या लाटरोधक बंधाऱ्यात २०११ पासून अशी १६ टर्बाइन आहेत. एकूण क्षमता फक्त २९६ किलोवॅट, पण दुरुस्तीला चालत जाता येतं. पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून दूर २००८ मध्ये पेलामिस या स्कॉटिश कंपनीची प्रत्येकी ७५० किलोवॅटची ३ यंत्रं बसवली होती. ती काही महिन्यांतच बंदरात परत आणावी लागली.

दुरुस्तीचा हा मुद्दा पुस्तकात नीट कळत नाही. लाटा जोरात असतात तेव्हाच वीज जास्त, आणि नेमकी तेव्हाच बोट यंत्रापर्यंत नेता येत नाही. छोटासा बिघडलेला व्हॉल्व्हसुद्धा समुद्र शांत होईपर्यंत तसाच राहतो.

म्हणून जनरेटरच्या आधी धातूचा थकवा (पुन्हापुन्हा ताण पडून धातू कमकुवत होणं), गंज, यंत्र नांगराने जागेवर धरून ठेवणं आणि पाणी आत येऊ न देणारी सील शिका. समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामातही हेच उपयोगी पडतं आणि नोकऱ्या सध्या तिकडे जास्त आहेत. संधी मिळाली तर समुद्रातून काढलेलं यंत्र उघडताना हजर राहा. मी पाहिलं तेव्हा बाहेरून शिंपल्यांचा जाड थर होता. तो खरवडून पिन काढली, तर एकाच बाजूने नखाएवढी खोल झिजली होती.